पुसत जाणाऱ्यांचें शहर

आपल्या समाजाच्या कांहीं संवयी अशा आहेत कीं, त्या प्रथम नाइलाज म्हणून पत्करल्या गेल्या, पुढें त्यांची रूढि झाली आणि शेवटीं त्या संस्कृतीचें भूषण ठरल्या. वाट पुसत जाणें ही त्यांपैकींच एक. परगांवचा मनुष्य शहरांत आला, त्यानें पानवाल्यास विचारलें, पानवाल्यानें रिक्षावाल्याकडे बोट दाखविलें, रिक्षावाल्यानें ‘सरळ जाऊन डावीकडे’ असें सांगतांना हनुवटी मात्र उजवीकडे वळविली, आणि अशा रीतीनें चार जणांचे चार सल्ले घेत तो गृहस्थ अखेर इष्ट स्थळीं पोंचला, कीं आम्ही समाधानानें म्हणतों, ‘पाहा, आपल्या शहरांत अजून माणुसकी आहे!’ माणुसकी आहे यांत शंका नाहीं. शंका एवढीच कीं, जें काम दोन हात लांबीच्या पत्र्याच्या एका पाटीनें व्हावयाचें, तें माणुसकीकडून किती वर्षें करवून घ्यावयाचें?

हा प्रश्न क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटतें, त्यांच्यासाठींच हा लेख आहे. मागें एका सभेंत, सार्वजनिक वाहतुकीच्या कामांत आयुष्य घालविलेल्या एका अनुभवी गृहस्थांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बसथांब्यांवर नकाशे आणि मार्गपत्रकें लावणें हा निव्वळ पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा हव्यास आहे. आपल्या सामान्य लोकांना नकाशा वाचतां येत नाहीं, ज्यांना तो येतो ते स्वतःच्या मोटारींतून फिरतात, आणि उरलेल्यांच्या खिशांत आतां मोबाइल आहे. सभेनें टाळ्या वाजविल्या. तीन विधानांत तीन चुका इतक्या सफाईनें बसविलेल्या क्वचितच ऐकावयास मिळतात. म्हणून त्यांचा परामर्श जरा सविस्तर घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

उदाहरणादाखल वाशी घेऊं. जुन्या मुंबईचें उदाहरण घेतलें तर कोणीहि म्हणेल कीं, तें शहर बेटें जोडीत, खाड्या बुजवीत आणि गल्लीला गल्ली फुटत वाढलें; त्याचा सुबोध नकाशा निघणें कठीणच. वाशीला ही सबब नाहीं. १९६५ सालीं ‘मार्ग’ या नियतकालिकांतून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली, ९५ गांवांच्या जमिनीवर आंखणी झाली, १९७३ मध्यें ठाण्याच्या खाडीवर पूल झाला आणि वाशी हा त्या नव्या शहराचा पहिला भाग उभा राहिला. म्हणजे हें शहर आधीं कागदावर होतें आणि मागाहून जमिनीवर उतरलें. मौज अशी कीं, नकाशाच्या पोटीं जन्मलेल्या या शहरांत पायीं हिंडणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस सहसा न पडणारी वस्तु कोणती असेल, तर ती नकाशा! आंखणाऱ्यांचा नकाशा कचेरींत राहिला. चालणाऱ्यांसाठीं नकाशा काढणें हें मात्र कोणाचेंच काम ठरलें नाहीं.

आंखणाऱ्यांनीं भागांना नांवें न देतां आंकडे दिले. आंकडा हा वस्तुतः वाटसरूचा मोठा मित्र. नवाच्या पुढें दहा येणार एवढें ज्यास कळतें, त्यास आंकड्यांच्या गांवांत हरवण्याचें भय नसावें. परंतु शेजारच्या सेक्टरचा आंकडा शेजारचाच असेल, अशी येथें कोणतीहि हमी नाहीं. शिवाय प्रत्येक उपनगरानें आपली गणना पुन्हां एकापासून सुरू केली. सेक्टर १० वाशींत आहे, नेरूळमध्यें आहे, ऐरोलींत आहे, कोपरखैरण्यांत आहे आणि खारघरमध्येंहि आहे. तेव्हां नुसतें ‘सेक्टर १०’ असें कपाळीं मिरविणारी पाटी ही ‘रामाचें देऊळ’ अशा पत्त्याइतकीच उपयुक्त होय. आंकड्यांच्या या जाळ्याखालीं मूळचीं गांवें अद्याप जिवंत आहेत. वाशीगांव आहे, जुहूगांव आहे. आणि मुंबईच्या पाहुण्यास ‘जुहू’ म्हटल्याबरोबर भलताच समुद्रकिनारा आठवतो, हा त्यांत आणखी एक गोंधळ.

‘वाशी’ हें नांव तरी एका जागेचें आहे काय? एक वाशी रेल्वेची. दुसरी वाशी बसस्थानकाची. तिसरी वाशी सायन-पनवेल महामार्गावरची, जेथें पुण्याकडच्या आणि कोंकणांतल्या गाड्या माणसें उतरवून पुढें जातात. चौथी वाशी म्हणजे ‘वाशी मार्केट’, जें वस्तुतः तुर्भ्यांत आहे. या चार वाश्यांत, बरोबर सामान असेल तर सहज चालून जातां येणार नाहीं इतकें अंतर आहे. मुलानें ‘वाशीला उतर, मी येतों’ असें कळविलेलें असतें. आई पहाटेच्या अंधारांत महामार्गावर उतरते. मुलगा रेल्वेच्या दारांत उभा असतो. दोघांपैकीं कोणाचीहि चूक नसते. चूक असलीच तर एका नांवावर चार स्थळें चालवून घेणाऱ्या आपल्या ढिलाईची.

आम्हीं एकदां आमच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांना स्टेशनापासून महाविद्यालयापर्यंतचा नकाशा आठवणीनें काढावयास सांगितलें. तो प्रयोग कोणीहि करून पाहावा. त्यासारखी करमणूक नाहीं आणि त्यासारखें शिक्षणहि नाहीं. एकाहि कागदावर सेक्टरचा आंकडा नव्हता. वडापावची गाडी होती, देऊळ होतें, सिग्नल होता, ‘कुत्रा असलेला बंगला’ होता. एका मुलीनें मात्र एक रस्ता लांबचा वळसा घेऊन काढला होता. कारण विचारतां ती म्हणाली, ‘सर, जवळच्या रस्त्यावर संध्याकाळनंतर दिवे नसतात.’ असली माहिती कोणत्याहि सरकारी नकाशांत सांपडावयाची नाहीं. आणि प्रवाशासाठीं नकाशा काढणें म्हणजे काय, हें त्या मुलीस जितकें कळलें होतें तितकें आमच्या त्या सभेंतील गृहस्थांस कळलेलें नव्हतें.

पुसणें हें फुकट असतें, असा एक समज आहे. तो पुसावें न लागणाऱ्यांचा आहे. रात्रीं दहा वाजतां थांब्यावर एकटी उभी असलेली स्त्री जेव्हां अनोळखी माणसास बस विचारते, तेव्हां ती त्यास दोन गोष्टी सांगून टाकते: आपल्याला कोठें जावयाचें आहे, आणि आपण वाट चुकलों आहों. या दोन्ही गोष्टी अनोळखी माणसाच्या हातीं देण्याची सक्ति तिच्यावर कोणीं केली? बहिऱ्यानें कोणास पुसावें? ज्याचें मराठी किंवा हिंदी मोडकें आहे, ज्यास आपल्या उच्चारास लोक हंसतील अशी धास्ती आहे, त्यानें किती वेळां पुसावें? आणि पुसलेंच तरी उत्तराची खात्री काय? ‘मला ठाऊक नाहीं’ असें म्हणणें आपल्याकडे असभ्य समजलें जातें. म्हणून ज्यास ठाऊक नसतें तोहि कांहीं तरी सांगतो, आणि बहुधा ज्यास ठाऊक असतें त्याच्यापेक्षां अधिक ठासून सांगतो.

याहूनहि मोठी किंमत जे पुसतच नाहींत ते मोजतात. विष्णुदास भावे नाट्यगृहांत चांगलें नाटक लागलेलें असतें. ऐरोलीच्या एका वृद्ध जोडप्यास तें पाहावयाचें असतें. परंतु नाटक सुटल्यावर परतीची बस किती वाजेपर्यंत असते आणि ती कोठून सुटते, हें कळावयास मार्ग नसतो. तें जोडपें जात नाहीं. ‘जाऊं दे’ असें म्हणून दूरचित्रवाणी लावतें. याची नोंद कोणत्याहि खात्याच्या अहवालांत होत नाहीं, कारण न निघालेला प्रवासी मोजण्याचें यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. मुलाखतीस जाणारी मुलगी, इस्पितळांत तपासणीस जाणारा कामगार, चार घरचीं कामें करणारी आणि पांचवें घर दुसऱ्या उपनगरांत मिळत असून तें न घेणारी बाई, या सर्वांच्या वांट्याला शहर तेवढेंच येतें जेवढें त्यांना तोंडपाठ असतें.

आतां त्या मुख्य आक्षेपाकडे वळूं: आपल्या लोकांना नकाशा वाचतां येत नाहीं! हें वाक्य ज्या मुंबईंत उच्चारलें जातें, त्याच मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डबेवाले काम करीत आले आहेत. डब्याच्या झांकणावरची ती खूण पाहावी. रंग, आंकडे आणि चार-दोन अक्षरें. एवढ्यांत डबा कोणत्या भागांतून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत आणि कितव्या मजल्यावर जावयाचा, हें सारें सांठविलेलें असतें. मावळांतून आलेल्या, शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसांनीं ही लिपि निर्माण केली आणि तेच ती धांवत्या लोकलमध्यें वाचतात. हा नकाशा नव्हे तर काय? आषाढींत आळंदीहून निघणाऱ्या पालखीकडे पाहावें. लाखांचा समुदाय चालतो. पण प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, आणि ती रथापुढें आहे कीं रथामागें हें ठरलेलें आहे. ‘रथामागें अमुक क्रमांक’ एवढें ठाऊक असलेली म्हातारी त्या गर्दींत हरवली तरी आपल्या माणसांत परत येते. मुक्कामांचें छापील पत्रक घरोघर जातें आणि बिनचूक वाचलें जातें. तालुक्याच्या गांवीं एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर रंगविलेलें वेळापत्रक ज्यानें पाहिलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. गांव, मार्गे, सुटण्याची वेळ; इतकेच रकाने. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, आणि तेव्हांपासून आजवर शेतकऱ्यांच्या पिढ्यांनीं तें कोष्टक वाचून प्रवास केला. त्यांतील ‘मार्गे’ हा एक शब्द केवढा शहाणा आहे! शहरी बसच्या कपाळावर फक्त शेवटच्या थांब्याचें नांव असतें. ज्याला शेवटपर्यंत जावयाचें आहे त्यालाच तिचा उपयोग. मधल्या थांब्यावर उतरणाऱ्या बहुसंख्यांस ती पाटी कांहींच सांगत नाहीं. ग्रामीण एस. टी.ला जें सुचलें तें महानगराला सुचूं नये, याचें नवल वाटतें.

तेव्हां लोकांना वाचतां येत नाहीं हें खरें नव्हे. त्यांच्यासाठीं लिहितां येत नाहीं, हें खरें आहे. मेक्सिको शहरांत १९६९ सालीं भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हां निरक्षर प्रवाशांचा विचार करून प्रत्येक स्थानकाला एकेक चित्र दिलें गेलें. लान्स वायमन या चित्रकारानें तीं काढलीं. चापुल्तेपेक या नांवाचा अर्थ टोळाची टेंकडी. तेथें टोळाचें चित्र. ज्यास अक्षर येत नाहीं तोहि ‘टोळावर उतर’ एवढें ध्यानीं ठेवूं शकतो. आपल्याकडे असें करावयाचें म्हटलें तर चित्रांची वाण आहे काय? वाशीला खाडीवर उतरणारे रोहित पक्षी द्यावेत, तुर्भ्याला कांद्याचें पोतें द्यावें. कांद्याबद्दल तुर्भेकर रागावतील असें वाटत असेल तर त्यांनाच विचारावें. त्यांना तो अपमान वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

नकाशा म्हणजे काय, याविषयींहि आपल्या सुशिक्षितांत एक बालिश कल्पना आहे. शाळेंत भूगोलाच्या तासाला पाहिलेला तो नकाशा, हीच ती कल्पना. प्रवाशाला भूगोल नको असतो. त्याला क्रम हवा असतो. १९३१ सालीं हॅरी बेक नांवाच्या एका आरेखकानें लंडनच्या भुयारी रेल्वेचा नवा नकाशा काढला. त्यानें खऱ्या अंतरांना रजा दिली, वळणें सरळ केलीं, रेषा आडव्या, उभ्या आणि तिरप्या एवढ्याच ठेवल्या, मध्यवर्ती गर्दीचा भाग फुगविला आणि दूरचा आंखडला. वरिष्ठांना तो फारच विचित्र वाटला आणि प्रथम नाकारलाहि गेला. १९३३ मध्यें तो छापून लोकांच्या हातीं पडला, आणि आज जगांतील बहुतेक रेल्वे-नकाशे त्याच्या वंशांतले आहेत. जमिनीच्या खालीं असलेल्या माणसाला वरच्या रस्त्याचें वळण कळून काय उपयोग? त्यास कोठें चढावयाचें, कोठें बदलावयाचें आणि किती स्थानकें मोजावयाचीं, एवढेंच हवें असतें.

हें तत्त्व डोळे मिटून सर्वत्र लावूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. न्यूयॉर्कमध्यें मासिमो व्हिन्येली यानें १९७२ सालीं असाच अतिशय देखणा नकाशा केला. परंतु त्यांत लांबट असलेलें सेंट्रल पार्क चौकोनी झालें, आणि जमिनीवर चालणाऱ्या न्यूयॉर्ककरांस आपलें शहर त्यांत ओळखूं येईना. १९७९ मध्यें तो बदलावा लागला. रेल्वेला आरेख चालतो. बस आणि पायवाट यांना थोडा भूगोल लागतोच. हा विवेक करणें हेंच या विद्येचें मर्म आहे, आणि ही विद्या आहे, रंगाऱ्याकडे सोंपवावयाचें किरकोळ काम नव्हे, हें आपल्याकडे अद्याप मान्य व्हावयाचें आहे.

वाशीच्या आसपासच या विद्येची कसोटी पाहणारी एक जागा आहे. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं ठाणें-वाशी मार्ग प्रवाशांना खुला झाला. ठाण्याहून येणारी वाट तुर्भ्यापर्यंत एकच. पुढें तिला दोन फांटे फुटतात. एक सानपाड्यावरून वाशीला जातो, दुसरा जुईनगरावरून नेरूळ-पनवेलकडे. सानपाडा आणि जुईनगर हीं पुन्हां मुंबई-पनवेल मार्गावरचीं शेजारचीं स्थानकें. असा हा त्रिकोण आहे. घणसोलीहून नेरूळला निघालेला मनुष्य वाशीच्या गाडींत बसला, तर त्यानें तुर्भ्याला उतरून मागची पनवेल गाडी धरावी, किंवा सानपाड्याला उतरून मुंबईहून येणारी पनवेल गाडी धरावी. हें वाक्य समजावयास वाचकांस तें दोनदां वाचावें लागलें असेल. त्रिकोण काढून दाखविला असता तर एक क्षण पुरता. पवईच्या आय. आय. टी.मधील अभिकल्प-विद्यालयानें मुंबईच्या उपनगरी रेल्वेचा असा सुबक आरेख मागेंच करून दाखविला आहे. म्हणजे तशी बुद्धि आणि तसे हात आपल्याकडे नाहींत असेंहि नाहीं.

उलटपक्षीं, माहिती देऊनहि ती न देण्याची एक कला आहे, आणि तिचा नमुना मध्य रेल्वेच्या दर्शकांवर पिढ्यान्‌पिढ्या झळकत आला. कर्जतच्या गाडीस ‘एस’ हें इंग्रजी अक्षर, कसाऱ्याच्या गाडीस ‘एन’. कर्जतच्या नांवांत ‘एस’ कोठें आहे? नाहींच. जी. आय. पी. रेल्वेचा ईशान्येचा फांटा कसाऱ्याहून थळ घाटाकडे आणि आग्नेयेचा कर्जतहून बोरघाटाकडे जात असे. त्या इंग्रजी दिशांचीं हीं आद्याक्षरें. कंपनी गेली, इंग्रज गेले, परंतु दिशा राहिल्या. बरें, धीम्या गाडीसहि ‘एस’च! तेव्हां कर्जतच्या धीम्या गाडीच्या ओळींत एक ‘एस’ डावीकडे आणि एक उजवीकडे, आणि दोहोंचे अर्थ निराळे. रोजच्या प्रवाशाला हें अंगवळणीं पडतें. पण दर्शक हा रोजच्या प्रवाशासाठीं असतो कीं नव्या? हल्लीं अनेक ठिकाणीं पूर्ण नांव तीन भाषांत येतें, ही सुधारणा खरी आहे. तथापि अक्षरांची ती जुनी राजवट लोकांच्या बोलण्यांत अजून टिकून आहे.

तीन भाषांवरून आठवलें. रेल्वेच्या नामफलकावर नियमाप्रमाणें मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशीं तीन नांवें असतात. परिणामीं ‘वाशी’ हा शब्द एकदां मराठींत आणि एकदां हिंदींत, त्याच अक्षरांत, त्याच लिपींत लिहिला जातो. हिंदी जाणणाऱ्यास पहिली ‘वाशी’ वाचतां आली नसती काय? त्रिभाषासूत्राशीं आमचें भांडण नाहीं; परंतु ज्या एका ओळींत ‘ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या पलीकडील फलाटावर’ एवढें सांगतां आलें असतें, ती ओळ प्रतिध्वनीसाठीं खर्चावयाची, ही उधळपट्टी आहे. बेस्टनें या बाबतींत अधिक शहाणपण दाखविलें होतें. वर्षानुवर्षें तिच्या बसच्या कपाळावर मराठी आंकडा आणि बाजूस इंग्रजी आंकडा असे. त्या एका योजनेनें किती अमराठी मुंबईकरांना देवनागरी आंकडे शिकविले असतील! भाषेच्या प्रसाराचें इतकें शांत आणि बिनखर्चाचें काम आमच्या साहित्यसंमेलनांच्या ठरावांनींहि झालेलें नाहीं. आतां विजेच्या फिरत्या अक्षरांच्या पाट्या आल्या आहेत. आपली लिपि येईपर्यंत बस निघून जाते.

नांवांची तर आतां विक्रीच सुरू झाली आहे. मुंबईच्या मेट्रोवर आचार्य अत्रे यांच्या नांवाच्या चौकाचें स्थानक आहे. त्या नांवाअगोदर एका गुंतवणूक-व्यवसायाचें नांव जोडलेलें आहे. अत्रे हयात असते तर त्यांनीं यावर काय लिहिलें असतें याची कल्पना करण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. परंतु विनोद बाजूस ठेवला तरी स्थलनाम ही प्रवाशाच्या हातांतली काठी आहे. तिच्यावर जाहिरात चिकटविली कीं ती जड होते, आणि करार संपला कीं बदलतेहि.

राहिला मोबाइलचा मुद्दा. ‘एम-इंडिकेटर’ हें मुंबईकरांच्या नित्य उपयोगाचें साधन सचिन टेके या अभियंत्यानें स्वतःच्या हिमतीवर उभें केलें. त्याबद्दल त्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु लक्षावधि लोकांना सार्वजनिक गाडीची वेळ कळण्यासाठीं एका खाजगी माणसाच्या उद्योगावर विसंबावें लागलें, ही गोष्ट त्या माणसास भूषणावह आणि आपल्या संस्थांस लाजिरवाणी आहे. शिवाय मोबाइल आणि फलक यांचें कार्यच भिन्न आहे. मोबाइलला जें विचाराल तेवढेंच तो सांगतो. काय विचारावें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तो निरुपयोगी. थांब्यावर उभ्याउभ्या नकाशा पाहणाऱ्यास मात्र आपल्या घराजवळून खाडीकांठच्या सागर विहारास थेट बस जाते, हें न विचारतां कळतें, आणि पुढच्या रविवारीं तो मुलांना घेऊन तेथें जातो. मोबाइलचें उत्तर एकट्याचें असतें. फलकापुढें चार माणसें उभीं राहतात आणि एकमेकांना दाखवितात. ज्यांना माणुसकीची चिंता वाटते त्यांनीं ही माणुसकीहि हिशेबांत घ्यावी. पावसांत भिजलेल्या बोटांनीं, उतरत्या बॅटरीवर, इंग्रजी अक्षरांत गांवाचें नांव टंकून पाहणाऱ्या साठीच्या गृहस्थाकडे एकदां पाहिलें म्हणजे ‘सर्व कांहीं मोबाइलवर आहे’ हें वाक्य पुन्हां उच्चारण्याचा धीर होणार नाहीं.

मग हें होत कां नाहीं? पैशाअभावीं नव्हे. एका थांब्याच्या पत्र्यावर जाहिरातीसाठीं जागा निघते, दिवाहि निघतो. नकाशासाठीं निघत नाहीं, कारण नकाशा भाडें देत नाहीं. पण खरें कारण याहून खोल आहे. वाशींत बेस्टच्या बसा येतात, नवी मुंबईच्या येतात, ठाण्याच्या येतात, कल्याण-डोंबिवलीच्या येतात आणि एस. टी. येते. रेल्वे केंद्राची. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं बेलापूर-पेंधर मेट्रो धांवूं लागली, ती सिडकोची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या विमानतळाचेंहि उद्घाटन झालें. यांतील प्रत्येक संस्था आपापल्या रेषा जाणते, आणि इतरांच्या रेषा तिच्या कागदावर अस्तित्वांतच नसतात. एकाच क्रमांकाची बस दोन उपक्रमांकडे असूं शकते, हें तिच्या ध्यानांतहि येत नाहीं, कारण प्रत्येकीला आपलीच बस ही बस वाटते. प्रवाशाला मात्र संस्था दिसत नाहींत. त्याला फक्त आपलें घर आणि जावयाचें ठिकाण दिसतें, आणि मधल्या पांच मालकांच्या पांच तुकड्यांची सांधेजोड त्यानें थांब्यावर उभ्याउभ्या मनांतल्या मनांत करावयाची असते. गाड्या एक होणें कठीण असेल. कागद एक होण्यास काय हरकत आहे?

लंडनमध्यें बसथांब्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखा एक नकाशा लावीत आले आहेत. मध्यभागीं आपण उभे असलों तो भाग, आणि तेथून निघणाऱ्या सर्व बसांच्या रंगीत रेषा चहूंकडे पसरलेल्या. असा एक नकाशा वाशीच्या रेल्वेस्थानकाबाहेर लावावा, आणि तो महानगरपालिकेनें लावावा, कारण पदपथ तिचे आहेत आणि त्यावर चालणारी माणसेंहि तिचींच आहेत. त्यांत कोणाची बस हें बारीक अक्षरांत आणि कोठें जाते हें ठळक अक्षरांत असावें. प्रत्येक सेक्टरच्या आंकड्याआधीं उपनगराचें नांव असावें, आणि आंकड्याशेजारीं वाशीगांव, जुहूगांव हीं जुनीं नांवेंहि असावींत. चारी वाश्या चार निरनिराळ्या खुणांनीं दाखवाव्यात. शेवटच्या बसची वेळ असावी. ती नक्की सांगतां येत नसेल तर ‘सुमारें’ असें लिहावें, पण लिहावें. रात्रीं दिवे असलेला रस्ता कोणता, तेंहि असावें. मराठी अक्षर पांच पावलांवरून वाचतां येईल एवढें मोठें असावें, आणि नकाशा लावण्यापूर्वीं तो एखाद्या म्हातारीस, एखाद्या नुकत्याच आलेल्या बिहारी मजुरास आणि एखाद्या शाळकरी मुलीस दाखवून त्यांना भावे नाट्यगृहापर्यंत जाऊन यावयास सांगावें. जेथें ते चुकतील तेथें नकाशा दुरुस्त करावा, त्यांना नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं काढलेले ते कागद, वडापावच्या गाडीसह आणि त्या अंधाऱ्या रस्त्यासह, आमच्या टेबलाच्या खणांत पडून आहेत. ज्या कचेरीस हवे असतील तिनें शिपाई पाठवून ते घेऊन जावेत.